छापील संशोधनाचे वजन : महाराष्ट्रातील पशुवैद्यक आणि जीववैद्यक शोधनिबंधांचा इतिहास

संशोधकाच्या कामाची मोजदाद दोन अंगांनी होते. त्याने काय छापले याची यादी हे एक अंग, आणि त्या छापील कामाचा आधार पुढे किती जणांनी घेतला याचा हिशेब हे दुसरे. या हिशेबाला आज सायटेशन म्हणतात. प्राध्यापकाची पदोन्नती, संस्थेचे अनुदान आणि विद्यापीठाची क्रमवारी त्यावर बऱ्याच अंशी ठरते. हे मोजमाप जेमतेम साठ वर्षांचे आहे. महाराष्ट्रात जनावरांच्या व माणसांच्या रोगांवर शोधनिबंध लिहिणे मात्र त्याच्याही पाऊणशे वर्षे आधी सुरू झाले होते.

धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यातील माकणीसारख्या गावाचा या इतिहासाशी संबंध येतो तो जनावरांमुळे. तेरणा नदीवरील निम्न तेरणा धरणासाठी ओळखले जाणारे हे गाव उस्मानाबादी शेळीच्या मूळ टापूत मोडते. शेजारच्या लातूर जिल्ह्यात देवणी गोवंशाचा उगम आहे आणि नांदेडकडे गेले की लाल कंधारी लागते. बुळकांडी, घटसर्प, फऱ्या, लाळ्या खुरकूत, काळपुळी ही रोगांची नावे पशुपालकांच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या होती. त्यांची लक्षणे, ती कोणत्या हंगामात येतात आणि कोणते जनावर वाचते याचे ज्ञानही होते. या ज्ञानाला कागद मिळाला तो दूरच्या प्रयोगशाळांमधून.

पहिला ठळक टप्पा १८८० चा आहे. पंजाबातील डेरा इस्माईल खान येथे ग्रिफिथ इव्हान्स या लष्करी पशुवैद्याला ‘सर्रा’ झालेल्या घोड्यांच्या व उंटांच्या रक्तात वळवळणारे सूक्ष्म जीव दिसले आणि हेच रोगाचे कारण, असे त्याने मांडले. रक्तातले असे जीव निरुपद्रवी असतात असा तेव्हाच्या अनेक जाणकारांचा समज होता, त्यामुळे त्याचे म्हणणे सहजासहजी कोणी मान्य केले नाही. १८८५ मध्ये जे. एच. स्टील याने ब्रह्मदेशातील लष्करी खेचरांमधील अशाच साथीचा तपास केला. त्याला तोच जीव सापडला आणि त्याने त्याला इव्हान्सचे नाव दिले. जीवाचे कूळ ओळखताना स्टील चुकला होता. पुढे तो जीव ट्रिपॅनोसोमा कुळात गेला, पण इव्हान्सचे नाव कायम राहिले. प्राणिशास्त्राच्या नियमाप्रमाणे आजही त्या जातीचे पूर्ण नाव लिहिताना कंसात ‘स्टील, १८८५’ असे लिहितात. सर्रावरचा नवा निबंध कुठल्याही देशात लिहिला गेला तरी ही नोंद त्यात येऊ शकते, आणि सायटेशन मोजणाऱ्या यंत्रणा मात्र तिची गणती सहसा करत नाहीत.

हाच स्टील २ ऑगस्ट १८८६ रोजी परळ येथे सुरू झालेल्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा पहिला प्राचार्य झाला. महाविद्यालयाशेजारी बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय होते. शिकवणे, उपचार आणि निरीक्षणांची नोंद ही तिन्ही कामे एकाच आवारात होऊ लागली.

तीन वर्षांनी, डिसेंबर १८८९ मध्ये, पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी स्थापन झाली. आजच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेचे मूळ ते हेच. प्रयोगशाळेची सूत्रे हाती घेणाऱ्या आल्फ्रेड लिंगार्ड याचा घोड्यांच्या सर्रावरचा अहवाल १८९३ मध्ये मुंबईत छापला गेला. त्याच वर्षी प्रयोगशाळा कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला गेली, कारण संसर्गजन्य रोगांचे जंतू हाताळायला वस्तीपासून दूर, थंड जागा हवी होती. त्या काळी संशोधनाचा छापील अवतार म्हणजे बहुतेक वेळा सरकारी अहवालच असे. मोजक्या प्रती निघत, त्या खात्यांच्या कपाटात आणि लंडनच्या ग्रंथालयांत जात. ज्याच्या हाती अहवाल पडला तोच त्याचा आधार घेई.

प्लेगच्या साथीने हे चित्र बदलले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन याने ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःला टोचून घेतली. त्याची प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली आणि १९२५ मध्ये तिला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव मिळाले. याच साथीत फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमों मुंबई आणि कराचीत काम करत होता. उंदरांकडून माणसांकडे प्लेग नेण्याचे काम पिसू करते, हे त्याने प्रयोगाने दाखवले आणि १८९८ मध्ये पाश्चर संस्थेच्या नियतकालिकात छापले. त्या वेळच्या भारतीय प्लेग आयोगाने ते मानले नाही. १९०५ पासून परळच्या प्रयोगशाळेत नव्याने काम झाले. जमिनीवर ठेवलेल्या आणि उंच टांगलेल्या पिंजऱ्यांतील गिनिपिगांची तुलना झाली. पिसवा पोहोचतील अशा पिंजऱ्यांतली जनावरे प्लेगने मेली, बाकीची वाचली. १९०६ पासून हे अहवाल ‘जर्नल ऑफ हायजीन’ या इंग्रजी नियतकालिकात क्रमाने आले आणि सिमोंचा निबंध मान्य झाला. छापून आठ वर्षे लोटल्यावर कामाला वजन आले, ते दुसऱ्यांनी तपासून पाहिले म्हणून.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भारतातच नियतकालिके निघाली. ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’ १९१३ मध्ये, ‘इंडियन व्हेटरिनरी जर्नल’ १९२४ मध्ये मद्रासहून, आणि पशुसंवर्धन व पशुवैद्यकाचे सरकारी नियतकालिक १९३१ मध्ये. ते पुढे ‘इंडियन जर्नल ऑफ अ‍ॅनिमल सायन्सेस’ झाले. जिल्ह्याच्या दवाखान्यात काम करणाऱ्या पशुवैद्यालाही आपली केस छापण्याची सोय झाली. एखाद्या म्हशीच्या पोटात सापडलेली तार, बैलाच्या शिंगाचा कर्करोग, शेळ्यांतील आंत्रविषाराची साथ अशा दोन-तीन पानी टिपणांनी अंक भरू लागले. ही टिपणे विद्यार्थ्यांनी वाचली, त्यावरून उपचार बदलले. पण केस छापणारा पशुवैद्य पुन्हा दवाखान्यात गेला आणि वाचणाराही दवाखान्यातच होता. दोघांपैकी कोणी पुढचा निबंध लिहिला नाही, त्यामुळे आजच्या हिशेबात यातले बरेच काम शून्य सायटेशनचे ठरते.

छापील यादी आणि प्रत्यक्ष परिणाम यांतले अंतर सर्वांत स्पष्ट दिसते ते बुळकांडीत. मुक्तेश्वरला जे. टी. एडवर्ड्स याने १९२० च्या दशकात बुळकांडीचा विषाणू एका शेळीतून दुसऱ्या शेळीत असा सतत नेला. काही फेऱ्यांनंतर तो गाईबैलांसाठी सौम्य झाला आणि त्याची टोचणी घेतलेली जनावरे रोगाला दाद देईनाशी झाली. शेळीत वाढवलेली ही लस भारतभर वापरली गेली. १९५४ पासून देशव्यापी बुळकांडी निर्मूलन मोहीम सुरू झाली, पुढे पेशीसंवर्धनातून केलेली लस आली. देशातील शेवटची साथ १९९५ मध्ये झाली, २००६ मध्ये भारत रोगमुक्त जाहीर झाला आणि २०११ मध्ये जगातून बुळकांडी संपल्याचे घोषित झाले. मराठवाड्यात आज चाळिशीच्या आतल्या पशुवैद्याने बुळकांडीचे जनावर पाहिलेले नसते. रोगच राहिला नाही म्हणून त्यावरचे नवे निबंध कमी झाले आणि जुन्या निबंधांची सायटेशनही आटली. संशोधन पूर्ण यशस्वी झाले की त्याचा आकडा वाढायचा थांबतो, ही या मोजमापातली मोठी विसंगती आहे.

स्वातंत्र्यानंतर पुणे पुन्हा केंद्रस्थानी आले. १९५२ मध्ये रॉकफेलर फाउंडेशनच्या सहकार्याने तेथे व्हायरस रिसर्च सेंटर सुरू झाले. १९७८ मध्ये तेच राष्ट्रीय विषाणू संस्था झाले. १९५७ मध्ये कर्नाटकातील क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली तेव्हा या संस्थेने गोचिडीतून पसरणारा नवा विषाणू शोधला. १९६५ मध्ये नागपूरच्या चांदीपुरा भागात तापाची साथ आली. रुग्णांच्या रक्तातून मिळालेल्या एका अनोळखी विषाणूचे वर्णन पी. एन. भट्ट आणि एफ. एम. रॉड्रिग्ज यांनी १९६७ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’ मध्ये केले. तीन-साडेतीन दशके हा निबंध तज्ज्ञांच्या लहानशा वर्तुळातच वाचला जात होता. २००३ मध्ये आंध्र प्रदेशात मुलांमध्ये मेंदूज्वराची भीषण साथ आली. ३२९ बाधित मुलांपैकी १८३ दगावली आणि त्याच काळात महाराष्ट्रातही रुग्ण आढळले. तपासात चांदीपुरा विषाणू सापडला, २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ मध्ये निबंध आला, आणि नागपूरचे १९६७ चे टिपण या विषयावरील लेखांचा नेहमीचा संदर्भ बनले.

चांदीपुराचे हे टिपण छापले गेले त्याच सुमारास मोजणीची यंत्रणा अमेरिकेत उभी राहत होती. युजीन गारफिल्ड याने १९५५ मध्ये ‘सायन्स’ साप्ताहिकात सायटेशन इंडेक्सची कल्पना मांडली. निबंधाच्या शेवटी दिलेली संदर्भांची यादी उलटी फिरवायची, म्हणजे एखाद्या जुन्या निबंधाचा आधार पुढे कोणी घेतला हे शोधता येते, हे त्याचे सूत्र. न्यायालयीन निवाड्यांसाठी अशी सूची १८७३ पासून होती, तिच्यावरून त्याला हे सुचले. १९६० च्या दशकात ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ नियमित निघू लागला आणि १९७५ पासून नियतकालिकांचे इम्पॅक्ट फॅक्टर वार्षिक अहवालात येऊ लागले. या फॅक्टरचा हिशेब साधा आहे. नियतकालिकाने आधीच्या दोन वर्षांत छापलेल्या निबंधांना चालू वर्षी मिळालेली सायटेशन भागिले त्या निबंधांची संख्या.

गारफिल्ड स्वतः आकड्यांच्या मर्यादा जाणून होता. कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये कॉलऱ्याचे विष जंतूंशिवायही आतड्यावर परिणाम करते हे ‘नेचर’ मध्ये दाखवले होते. काही वर्षे त्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. १९८५ मध्ये डे वारले आणि पुढच्याच वर्षी गारफिल्डने सायटेशनच्या नकाशावरून त्यांच्या कामाचे मोल दाखवणारा लेख लिहिला. मोजणीमुळे दडलेले काम कधी कधी वर येते, ते असे.

महाराष्ट्रातले तसेच बोलके उदाहरण हिंमतराव बावस्कर यांचे आहे. जालना जिल्ह्यातील देहेड हे त्यांचे गाव. १९७६ मध्ये ते महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने मुले दगावत होती. घाम, लाळ, थंड पडलेले हातपाय आणि नंतर फुप्फुसात साठणारे पाणी हा क्रम त्यांनी रुग्णाशेजारी बसून नोंदवला आणि तो १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ मध्ये छापून आला. पुढे रक्तदाबावरचे प्राझोसिन हे औषध त्यावर लागू पडते हे त्यांनी दाखवले आणि सुमारे ४० टक्क्यांवर असलेले मृत्यूचे प्रमाण १ टक्क्याच्या आसपास उतरले. २०११ मध्ये प्रतिविषासह केलेल्या चाचणीचा निबंध ‘बीएमजे’ मध्ये आला. विद्यापीठाचा शिक्का नसलेल्या ग्रामीण डॉक्टरचे हे काम विंचूदंशाच्या जगभरच्या लेखनात वारंवार उद्धृत होते.

मराठवाड्यात पशुवैद्यक संशोधनाला घर मिळाले ते १९७२ मध्ये. त्या वर्षी परभणीला मराठवाडा कृषी विद्यापीठ आणि त्याचे पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. १९८७ मध्ये उदगीरला दुसरे महाविद्यालय आले, आणि २००० मध्ये नागपूरला महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ स्थापन होऊन राज्यातील पशुवैद्यकीय महाविद्यालये त्याच्याकडे गेली. परभणी आणि उदगीर दोन्ही ठिकाणे उस्मानाबादी शेळी व देवणी गाईच्या टापूत किंवा त्याच्या कडेला असल्याने पदव्युत्तर प्रबंधांना विषय हाताशी होता.

अशा प्रबंधाचे काम गावातूनच सुरू होते. विद्यार्थी सकाळी, कळप चरायला सुटण्याआधी वाड्यावर पोहोचतो. शेळीला सपाट जागी उभे करून टेपने छातीचा घेर, शरीराची लांबी आणि खांद्यापर्यंतची उंची घ्यायची, काट्यावर वजन करायचे, दात पाहून वय ठरवायचे, रंग, कान आणि शिंगे नोंदवायची. मग मानेच्या शिरेतून रक्त घेऊन नळीवर क्रमांक घालायचा आणि ती बर्फाच्या डब्यात ठेवायची. मालकाला विचारायचे की ही किती वेळा व्याली आणि जुळी किती वेळा झाली. शेकडो शेळ्यांच्या अशा मापांतून सरासरी निघते, तिचा तक्ता होतो आणि तक्त्याचा निबंध. या निबंधांच्या प्रास्ताविकात सहसा एक जुना आधार असतो, तो म्हणजे आर. एम. आचार्य यांचे भारतातील मेंढ्या-शेळ्यांच्या जातींवरचे पुस्तक. ते १९८२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने छापले. उस्मानाबादीच्या कळपात काळ्या शेळ्या सुमारे ७३ टक्के असतात, ही माहिती पुढच्या लेखनात त्यातूनच फिरत राहिली. २०२३ मध्ये जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले, तरी शेळीची नोंदलेली जात उस्मानाबादीच आहे आणि संगणकावर शोध घेणाऱ्यालाही हाच शब्द टाकावा लागतो.

स्थानिक जातींवरचे असे निबंध भारतीय नियतकालिकांत येतात आणि त्यांची सायटेशन बेताची असतात. उस्मानाबादीचा आधार घेणारे संशोधकच जगात थोडे. पण जात अधिकृतपणे नोंदवणे, पैदाशीचे धोरण आखणे आणि बोकडांची निवड करणे ही कामे याच आकडेवारीवर चालतात. कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे जातीची जी ओळख नोंदली जाते, तिच्यामागे गावागावांत घेतलेली अशी मापे असतात.

स्थानिक काम जागतिक हिशेबात कसे शिरते, हे फलटणला दिसते. बनबिहारी निंबकर यांनी १९६८ मध्ये स्थापन केलेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातील गारोळ मेंढी आणली. ती लहान असते, पण एका वेताला दोन-तीन कोकरे देते. ऑस्ट्रेलियातील बुरूला मेंढीत जुळ्यांना कारणीभूत असलेला एफईसी-बी जनुकातला बदल २००१ मध्ये ओळखला गेला. तोच बदल गारोळमध्ये आहे, हे दाखवणारा आंतरराष्ट्रीय निबंध २००२ मध्ये ‘बायॉलॉजी ऑफ रिप्रॉडक्शन’ मध्ये आला, आणि त्याच्या लेखकांत बी. व्ही. निंबकर, चंदा निंबकर आणि प्रदीप घळसासी ही नावे आहेत. हे जनुक दख्खनी मेंढीत आणण्याच्या पैदाशीला पिढ्यामागून पिढ्या लागल्या. इम्पॅक्ट फॅक्टरची दोन वर्षांची खिडकी अशा कामाला अपुरी पडते. मेंढी पाच महिने गाभण राहते, कोकरू वयात यायला वर्ष जाते, आणि पैदाशीच्या एका फेरीतच मोजणीची मुदत संपत येते.

रोगांच्या बाबतीतही काम वापरात यायला वेळ लागतो. शेळ्या-मेंढ्यांचा पीपीआर हा साथीचा रोग भारतात प्रथम १९८७ मध्ये तमिळनाडूत नोंदला गेला. १९९६ मध्ये हिमाचलातील सुंग्री येथे मिळालेल्या विषाणूपासून मुक्तेश्वरला लस तयार झाली आणि आज ती महाराष्ट्रातील कळपांनाही टोचली जाते. शेळ्यांच्या देवीवरची लस शेळ्यांसाठी बनली होती. २०२२ मध्ये महाराष्ट्रात लम्पी चर्मरोग पसरला तेव्हा तीच लस लाखो गाईबैलांना दिली गेली, कारण दोन्ही विषाणू एकाच कुळातले आहेत.

२००४ मध्ये स्कोपस आणि गुगल स्कॉलर या सायटेशन मोजणाऱ्या संगणकीय सूची आल्या, २००५ मध्ये अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हर्श याने एच-इंडेक्स मांडला, आणि मोजणी प्रत्येक संशोधकाच्या दारात आली. ज्याचे किमान १२ निबंध प्रत्येकी किमान १२ वेळा उद्धृत झाले त्याचा एच-इंडेक्स १२. एकच निबंध हजार वेळा उद्धृत झाला तरी तो त्याने वाढत नाही. दोन-तीनच निबंधांत मोठे काम करणारा या मोजणीत लहान दिसतो, आणि मोठ्या प्रयोगशाळेत पन्नास सहलेखकांत नाव असलेला मोठा. विषयांमधली तफावतही मोठी आहे. कर्करोगावर लिहिणाऱ्यांची संख्याच इतकी आहे की सरासरी निबंधालाही सायटेशन मिळते. शेळीच्या जंतावर लिहिणाऱ्याला तसा वाचकवर्ग नाही, म्हणून दोघांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करता येत नाही.

कृषी आणि पशुवैद्यक विद्यापीठांत एक खास मापही चालते. राष्ट्रीय कृषी विज्ञान अकादमी नियतकालिकांना जे गुण देते त्यांना प्राध्यापक ‘नास रेटिंग’ म्हणतात. इम्पॅक्ट फॅक्टर असलेल्या नियतकालिकाला सहा अधिक तो फॅक्टर, कमाल वीस, असे त्याचे सूत्र राहिले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० मध्ये आणलेल्या एपीआय गुणपद्धतीत निबंधांच्या संख्येला पदोन्नतीत थेट किंमत आली. परिणाम दोन्ही बाजूंनी झाला. लिहिण्याची सवय वाढली, प्रबंधातील माहिती कपाटात पडून न राहता छापली जाऊ लागली. दुसरीकडे पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके फोफावली आणि एका प्रबंधाचे चार तुकडे करून चार निबंध काढण्याची प्रथा पडली. याला आळा म्हणून आयोगाने २०१८ नंतर मान्य नियतकालिकांची केअर यादी आणली.

नावांचा घोळही हिशेब बिघडवतो. आडनाव आणि आद्याक्षरे एवढेच छापायच्या पद्धतीमुळे एकाच आडनावाचे आणि आद्याक्षरांचे दोन पशुवैद्य संगणकाला एकच वाटतात. लग्नानंतर आडनाव बदललेल्या संशोधक स्त्रीची यादी दोन भागांत विभागली जाते. २०१२ पासून संशोधकांना मिळणाऱ्या ऑर्किड या स्वतंत्र ओळख क्रमांकाने हा प्रश्न बराच सुटतो. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोत तयार झालेल्या जाहीरनाम्याने संशोधकाचे मूल्यमापन नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून करू नये, असे आवाहन केले.

एखाद्या पशुवैद्यक संशोधकाची कारकीर्द तोलताना म्हणूनच तीन गोष्टी वेगळ्या पाहाव्या लागतात. निबंधांची संख्या श्रम आणि सातत्य सांगते. सायटेशन इतर संशोधकांनी घेतलेला आधार सांगतात. वापर मात्र लसीच्या बाटलीत, पैदाशीच्या बोकडात आणि दवाखान्यातील उपचारात शोधावा लागतो, आणि त्याची मोजणी करणारा सर्वमान्य निर्देशांक अजून नाही. सिमों, चांदीपुरा आणि बावस्कर यांच्या बाबतीत उशिरा का होईना, आकडा आणि वापर जुळले. बुळकांडीच्या बाबतीत वापराने आकडाच संपवला. उस्मानाबादी शेळीवरच्या कामाचा आकडा लहान आहे, पण त्याचा लाभ माकणीसह साऱ्या कोरडवाहू पट्ट्यातील कळपांपर्यंत पोहोचतो.